हिरवळीतील बिळे आणि श्रावकाची यतना

सांगलीच्या गावभागातील एक वाडा २०१९ च्या महापुरानंतर रिकामा झाला. तीन पिढ्या हळद आणि गुळाची आडत करणाऱ्या त्या जैन कुटुंबाने विश्रामबागेच्या बाजूला बंगला बांधला. वाड्याला फरशीचा चौक होता. बंगल्यापुढे सुमारे हजार चौरस फुटांची हिरवळ आली. थोरल्या मुलाने रोपवाटिकेतून गवताचे तयार गालिचे आणवून ती लावून घेतली, सूनबाईंनी कडेने सोनचाफा आणि जास्वंद लावली. आजींनी मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागून घेतली होती. फाटकापासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशीची वाट हवी. साधू-साध्वी गोचरीस आले तर ते हिरव्या गवतावर पाऊल ठेवणार नाहीत. दारापर्यंत येऊन त्यांना परत फिरावे लागले तर त्या हिरवळीची शोभा काय कामाची, असे त्यांचे म्हणणे होते. वाट झाली.

पुढे एका चैत्रात, पहाटे देवदर्शनाला निघालेल्या आजींना त्या हिरवळीवर मातीचे तीन ढीग दिसले. माती ताजी, भुसभुशीत, चाळणीने चाळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ढीग पाच झाले. आठवड्याभरात कुंपणाच्या भिंतीलगतची फरशी एका कोपऱ्यात खचली आणि घरातील सर्वांचे लक्ष तिकडे गेले.

बंगल्यात राहणाऱ्या अनेक वाचकांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. वाडे आणि चाळी सोडून आपली कुटुंबे शहरांच्या कडेला, जिथे काल-परवापर्यंत ऊस किंवा ज्वारी उभी होती अशा जमिनींवर राहावयास गेली आहेत. जमिनीची खरेदी झाली, बिनशेती आदेश झाला, नकाशा मंजूर झाला; परंतु त्या जमिनीखाली राहणाऱ्यांना त्याची नोटीस कोणी दिलेली नसते.

सांगलीच्या त्या हिरवळीत खणणारी होती ती घूस. हा प्राणी उंदराच्या कुळातला, पण अंगाने दांडगा, केस राठ आणि स्वभाव एकलकोंडा. इंग्रजीत त्याला बँडिकूट म्हणतात. तो शब्द मूळचा तेलुगू ‘पंदिकोक्कु’ असून त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर असा आहे. चिडली की घूस खरोखरच डुकरासारखी घुरघुरते. हिंदीत घूस म्हणजे लाच. दोन्ही गोष्टी पायाखालून शिरतात आणि फरशी खचेपर्यंत दिसत नाहीत, एवढे साम्य मान्य करावे लागेल.

घुशीचे बीळ ओळखणे कठीण नसते. मूठ सहज आत जाईल एवढे तोंड, त्यापुढे मातीचा ढीग, आणि पुष्कळदा ते तोंड आतून मातीने बंद केलेले. आत एकच वाट नसते. राहण्याचा कप्पा, धान्य साठवण्याचा कप्पा आणि संकटकाळी निसटण्याची दारे असतात. एका बिळात बहुधा एकच घूस राहते, अपवाद फक्त पिल्ले असलेल्या मादीचा. गर्भ सुमारे तीन आठवडे राहतो. पिल्ले जन्मतः आंधळी आणि उघडी असतात, त्यांचे डोळे उघडण्यास जवळपास दोन आठवडे लागतात आणि ती महिनाभर तरी आईच्या दुधावर असतात. हा कालावधी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या कुटुंबाला तो माहीत नव्हता.

प्रत्येक खड्डा घुशीचा नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. हिरवळीवर पेन्सिलीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली तर तो हुदहुद पक्ष्याचा उद्योग. डोक्यावर तुरा मिरवणारा हा पक्षी लांब चोचीने मातीतील अळ्या वेचतो. उथळ, निमुळते, जागोजागी उकरलेले खळगे बहुधा मुंगसाचे असतात आणि तेही अळ्यांसाठीच. उन्हाळ्यात झाडाखाली पसरट खड्डा करून त्यात अंग टाकणारा भटका कुत्रा फक्त गारवा शोधत असतो. गावाबाहेरच्या फार्महाउसवर नांगर फिरवल्यासारखे गवत उलटलेले आढळले तर रानडुकरे येऊन गेली, आणि कंद उकरून खाल्लेले व जवळ काळे-पांढरे काटे पडलेले दिसले तर साळिंदर. पावसाळ्यात गवतावर दिसणाऱ्या मातीच्या बारीक गोळ्यांच्या चुंबळी गांडुळांच्या असतात. त्या पाहून औषध मारण्यास धावणे म्हणजे घरच्या कष्टाळू नोकराला चोर समजण्यासारखे आहे. साप मात्र बीळ खणत नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण निरीक्षणातून आलेली आहे. घुशीचे बीळ उघडे राहिले तर त्यात धामण येते, क्वचित नागही येतो, आणि म्हणूनच अशा बिळात हात घालणे किंवा ते घाईने खणणे धोक्याचे ठरते.

सांगलीच्या बंगल्यात धाकट्या मुलाने कीड-नियंत्रण करणाऱ्या माणसाला बोलावले. त्याने दोन मार्ग सांगितले, विषाच्या वड्या किंवा पिंजरा. चिकट पुठ्ठ्याचा तिसरा मार्गही त्याच्या पिशवीत होता.

विषाच्या वड्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन असते. ते खाल्लेला प्राणी लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि तीन-चार दिवसांत, कधी त्याहून उशिरा, अंतर्गत रक्तस्रावाने मृत्यू येतो. त्या दिवसांत तो मंद झालेला असतो, उघड्यावर येतो, आणि त्याला गव्हाणी घुबड, मुंगूस किंवा धामण खाते. विष असे एका पोटातून दुसऱ्या पोटात जाते. जुन्या पद्धतीच्या झिंक फॉस्फाइडचा परिणाम लवकर होतो, कारण पोटातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू निघतो. त्यावर खास उतारा नाही. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व ‘के’चा उतारा असतो, म्हणून घरात लहान मूल असताना चुकून काही घडले तर विषाचे वेष्टन घेऊनच रुग्णालयात धाव घ्यावी. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला जीव तहान, भूक आणि भीतीने तासन्‌तास मरत राहतो. प्राण्यांना अनावश्यक यातना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही अशा पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत.

कायद्याची दुसरी बाजूही व्यापारी माणसाला ठाऊक असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदरांचा समावेश पूर्वी पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. उंदरांना त्यामुळे संरक्षण मिळाले असे नाही. मुंगूस, साळिंदर, घोरपड, खवल्या मांजर हे प्राणी मात्र संरक्षित आहेत. कोकणातील घराच्या अंगणात वाळवीचे वारूळ फोडणारे खवल्या मांजर आले किंवा फार्महाउसवर मुंगूस अडकले तर त्याला पकडणे, हाकलण्यासाठी इजा करणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरतो. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आजींनी विषाला आणि पुठ्ठ्याला स्पष्ट नकार दिला. श्रावकासाठी वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषाचा व्यापार येतो, हे व्यापारी घरातील प्रत्येक मूल ऐकत वाढते. जे विकावयाचे नाही ते विकत घेऊन अंगणात कसे पेरावयाचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मांजर पाळण्याचा एक विचार पुढे आला. परंतु शिकार करवून घेण्यासाठी हिंस्र प्राणी पोसणे हेही त्याच पंधरांपैकी असतीपोषणात मोडते. मांजर दयेने पाळणे निराळे आणि घुशी माराव्यात म्हणून पाळणे निराळे.

अखेर पिंजऱ्यावर सर्वांचे एकमत झाले. मारावयाचे नाही, फक्त दूर नेऊन सोडावयाचे. शनिवारी रात्री पिंजरा लागला. रविवारी पहाटे त्यात घूस सापडली. नातवाने मोबाइलवर तिचे छायाचित्र काढले, चालकाने पिंजरा टेम्पोत ठेवला आणि शहराबाहेर माळावर जाऊन तिला सोडून दिले. घरात समाधान पसरले. आजींनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ज्वारी पाखरांना टाकली.

माळी आठ वाजता आला. नातवाने त्याला मोठ्या उत्साहाने छायाचित्र दाखवले. माळ्याने ते जवळ घेऊन पाहिले.

“दादा, ही कुठं सोडली?”

“माळावर. का हो काका?”

“लेकुरवाळी आहे ही. पोटाकडं बघा.”

चालकाला पुन्हा माळावर पाठवण्यात आले. तेथे काही सापडणे शक्यच नव्हते. सोमवारी धाकट्या नातीला बिळाशेजारी बारीक चिवचिव ऐकू आली. मंगळवारी ती क्षीण झाली. आजींच्या सांगण्यावरून माळ्याने खुरप्याने हलक्या हाताने माती बाजूला केली. सहा पिल्ले होती, डोळे न उघडलेली. त्यांपैकी दोन जिवंत होती. सूनबाईंनी कापसाच्या वातीने दूध देऊन पाहिले. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

शेजारच्या कप्प्यातून दोन ओंजळी ज्वारी निघाली. पांढरी, टपोरी, निवडलेली. आजींनी ती हातात घेतली आणि ओळखली. ती त्यांचीच होती.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठ असलेल्या त्या बाईंना पुढचे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजरा हा बंध. आणि आईला बांधून नेल्याने पिल्लांचे अन्न थांबले तो अन्नपाननिरोध. मारण्याचा हेतू नव्हता, हे खरे. परंतु प्रमाद होता, आणि प्रमादाने झालेली प्राणहानी तत्त्वार्थसूत्रात हिंसाच ठरते. आजींनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. पिंजरा मागवणारा धाकटा मुलगा काही बोलला नाही. कित्येक महिन्यांनी त्या संध्याकाळी तो आईशेजारी प्रतिक्रमणास बसला.

पिंजऱ्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण दूर सोडणे हा मार्ग आपल्या घरांत सर्वांत निर्दोष मानला जातो. अनोळखी जमिनीवर सोडलेल्या घुशीला बीळ नसते, लपण्याची जागा ठाऊक नसते, आणि तेथे आधीच राहणाऱ्या घुशी तिला हाकलतात. पहिल्याच काही रात्रींत कुत्री किंवा घुबडे तिला गाठण्याचा संभव मोठा असतो. ती वाचलीच तर दुसऱ्याच्या शेतात किंवा घरात शिरते. आपल्या नावावरची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली म्हणून कर्ज फिटत नाही, तसाच हा प्रकार आहे.

शिवाय जागा रिकामी राहत नाही. सांगलीच्या त्या बंगल्यात वैशाख संपण्यापूर्वीच दुसरी घूस आली आणि तिने पहिलीच्याच बिळाची डागडुजी करून घेतली. दुकानात माल तसाच मांडून ठेवून गिऱ्हाईक मात्र हाकलत राहावे, तसे हे चालले होते.

माल कोणता, हे आता शोधणे भाग होते. हा शोध थोरल्या मुलाने घेतला. आडतीच्या पेढीवर तूट आली की आवक कोठून आणि जावक कोठे हे पाहण्याची ज्याला सवय, त्याला तो अवघड गेला नाही.

पहिली नोंद ज्वारीची. आजी रोज दुपारी चारच्या सुमारास हिरवळीच्या कडेला दोन शेर ज्वारी पाखरांसाठी टाकत. कबुतरे, चिमण्या, साळुंक्या सूर्यास्तापर्यंत जेवढे खातील तेवढे खात आणि निघून जात. पाखरे रात्री खात नाहीत. रात्रिभोजनत्याग त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. गवतात उरलेले दाणे रात्रभर पडून राहत आणि घूस रात्रीच बाहेर येते. जीवदयेने टाकलेला दाणा अशा रीतीने बिळात जात होता, आणि त्याच बिळावर मग विष की पिंजरा याची चर्चा होत होती. कुटुंबाला हे मान्य करणे जड गेले, आजींना सर्वांत जास्त. दाणे बंद करावेत असे कोणी सुचवले नाही. टाकण्याची वेळ आणि जागा बदलली. सकाळी नऊ वाजता, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीच्या दगडी ओट्यावर, दुपारपर्यंत संपेल एवढेच धान्य. आणि दिवस मावळण्यापूर्वी ओटा व भोवतालची जागा झाडून घ्यावयाची. दोन शेरांचा अंदाज पाऊण शेरावर आला. बाकीची ज्वारी पांजरापोळात जाऊ लागली.

दुसरी नोंद पाण्याची. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर रोज पाच मिलिमीटर पाणी दिले तर साडेचारशे लिटरांहून अधिक खर्च होते. चैत्र-वैशाखात भोवतालची जमीन दगडासारखी कडक झालेली असताना हा एकच तुकडा ओला, मऊ आणि गार राहतो. खणणाऱ्या प्रत्येक प्राण्याला तो दुरून कळतो. त्यातही रोज संध्याकाळी वरवर शिंपडलेले पाणी सर्वांत वाईट, कारण त्याने माती रात्रभर ओली राहते आणि गवताची मुळे वरच्या थरातच पसरतात. पाणी पहाटे, सावकाश, मुरेल असे आणि दोन-तीन दिवसांआड दिले तर गवत खोल मुळे धरते, आणि माती रात्री कोरडी असते. हिरवळीशेजारच्या गळक्या नळाची दुरुस्ती दोन वर्षे राहून गेली होती, तीही याच वेळी झाली.

तिसरी नोंद दिव्यांची, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. हुदहुद, मुंगूस आणि रानडुक्कर ज्या अळीसाठी गवत उकरतात ती बहुधा हुमणी असते. उसाच्या पट्ट्यात हिची ओळख करून देण्याची गरज नाही. पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, डोके तांबूस. हिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर, मे-जूनमध्ये, तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभूळ-बोरीच्या पानांवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर गवताची मुळे खातात, पुढे मातीतच कोष होतो आणि भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत जमिनीत पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. त्या पहिल्या पावसाच्या रात्री बागेतील दिवे चमकत असतील तर भुंगेरे त्यांच्याकडे ओढले जातात, हिरवळीवर उतरतात आणि अंडी तेथेच पडतात. ओले किंवा अर्धकच्चे शेणखत पसरलेले असेल तर त्यांना आणखी काय हवे! ऑगस्टमध्ये गवताचे पिवळे चट्टे दिसतात, ते हाताने उपटले तर चटईसारखे उचलून येतात, आणि मागोमाग उकरणारे येतात. उकरणाऱ्याला दोष दिला जातो. तो खरे तर अळीच्या मागे आलेला असतो.

यावर शेतकरी जी दाणेदार औषधे वापरत त्यांतील फोरेट भारतात २०२० च्या अखेरीस बंद झाले आहे. तरीही जुना साठा ‘बागेसाठी जरासा’ म्हणून देणारे भेटतात. ते घराजवळ आणू नये. जैविक बुरशी आणि सूत्रकृमी यांचे उपाय रसायनाहून सौम्य आहेत, तथापि त्यांचे कामही अळी मारण्याचेच आहे, हे आपल्या घरांत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भुंगेरा येऊच नये ही व्यवस्था त्यापूर्वीची आहे. पहिल्या वळवापासून तीन आठवडे बागेचे दिवे सूर्यास्तानंतर बंद, फाटकाचा दिवा मंद व पिवळा, शेणखत पूर्ण कुजलेले आणि तेही पावसाळ्यानंतर, गवत फार आखूड न कापता दोन-अडीच इंच ठेवलेले. दिव्यावर जीव येतात म्हणून रात्री दिवे कमी करणारी मागची पिढी काटकसरी होती असे आपण समजतो. तिच्या अंगणात हुमणीही कमी होती.

या तिन्ही नोंदी झाल्यावर भिंतीचा प्रश्न उरला. तो खराच होता. घुशीने कुंपणाच्या पायालगत पोकळी केली की पावसाळ्यात तेथे पाणी मुरते आणि भिंत कलते. विरोधी हिंसेची मुभा श्रावकाला येथे आहे, असा युक्तिवाद घरात झाला. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, त्याने सोडावयाची ती संकल्पी हिंसा, ही विभागणी आपल्याला परिचित आहे. परंतु विरोधी म्हणण्यापूर्वी विरोध टाळण्याचे साधे उपाय संपले आहेत काय, हे पाहावे लागते. आणि येथे ते संपलेले नव्हते.

उपाय असा. भिंतीच्या आतील बाजूने दीड ते दोन फूट खोल चर घ्यावयाचा. त्यात जस्ताचा मुलामा दिलेली, अर्ध्या इंचाहून मोठे छिद्र नसलेली लोखंडी जाळी उभी सोडावयाची आणि तळाशी ती भिंतीपासून दूर, हिरवळीच्या बाजूला, फूटभर आडवी वळवावयाची. खणत येणारी घूस उभ्या जाळीशी थांबते, खाली उतरून पाहते, तर पायाखाली आडवी जाळी लागते. मागे सरकून पुन्हा खणण्याची युक्ती तिला सुचत नाही. गटाराच्या तोंडांनाही जाळी हवी. सरपणाचे, विटांचे, कुंड्यांचे ढीग भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खरकट्याचे खत करावयाचे असेल तर झाकणाच्या पिंपात करावे.

चर घेण्यापूर्वी बीळ रिकामे आहे याची खात्री ही सर्वांत महत्त्वाची पायरी. बिळाच्या तोंडात वाळलेले गवत सैल कोंबून ठेवावे. ते बाजूला सारलेले दिसले तर आत कोणी आहे. अशा वेळी महिनाभर थांबावे, म्हणजे पिल्ले असली तर हिंडती-फिरती होतील. दाणे आणि पाणी बंद झालेले असल्याने घूस आपण होऊन जागा बदलण्याचा संभव याच काळात असतो. गवत सलग तीन दिवस जागचे हलले नाही तरच बीळ माती ठासून बुजवावे. बिळात पाणी सोडणे, धूर करणे, तिखट टाकणे हे उपाय आजही बिनदिक्कत सांगितले जातात. या तिन्हींत आत अडकलेल्या पिल्लांचे काय होते, ते वर आलेच आहे. डांबरगोळ्यांनी माती बिघडते आणि लहान मुलांना धोका होतो. आवाजाने प्राणी पळवणारी विजेची यंत्रे बाजारात मिळतात, पण प्राणी थोड्याच दिवसांत त्या आवाजाला सरावतात.

पावसाळ्यात एक काळजी निराळी. घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग पसरतो आणि ओल्या मातीत तो पायाच्या चिरांतून शरीरात शिरू शकतो. आपल्या घरांत अनवाणी वावर जास्त असतो. बिळे असलेल्या ओल्या हिरवळीवर पायाला जखम असताना चालू नये. ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. माळ्याला रबरी बूट आणि हातमोजे घेऊन देणे ही मालकाची जबाबदारी.

सांगलीच्या घरात जाळी ज्येष्ठात, पहिला जोराचा पाऊस होण्यापूर्वी बसली. तिच्या चरासाठी जमीन खणावीच लागली. पृथ्वीकाय जीवांची ती हिंसा होती आणि आजींनी ती तशीच मोजली. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे आणि वनस्पती तोडणे यांना रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटले आहे व ते अनर्थदंडात धरले आहे. चर कारणासाठी होता. हजार फुटांची हिरवळ कोणत्या कारणासाठी होती, हा प्रश्न मात्र त्यानंतर घरात उघडपणे विचारला गेला. त्यावरून थोरल्या मुलाचे आणि आजींचे दोन दिवस बोलणे नव्हते. त्याचे म्हणणेही चुकीचे नव्हते. वाड्यातील मुले चौकात खेळत, येथील मुले गवतावर खेळतात. त्यांना रस्त्यावर पाठवावयाचे काय? अखेर मुलांपुरती निम्मी हिरवळ राहिली. उरलेल्या निम्म्या भागात खडी, दगडी बाक आणि पाणी कमी लागणारी अडुळसा, निर्गुडी, कोरफड अशी झाडे आली. पाण्याचा खर्च निम्म्याहून खाली उतरला.

कुटुंबातील आजोबा, जे या सर्व प्रकरणात फारसे बोलले नव्हते, एकदा हरिपूरच्या पेवांची आठवण सांगत बसले. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत माणसांनी खोल पेवे खणून वर्षानुवर्षे हळद साठवली. २००५ च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान होईपर्यंत तो व्यवहार भरभराटीत होता. पेव उघडले की आत उतरण्यापूर्वी वाट पाहावी लागे, कारण आतली हवा कोंडलेली असे. “आपणही जमिनीत खणून धान्य-हळद ठेवणारेच की,” असे म्हणून ते थांबले.

त्या बंगल्याच्या मागच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली, भिंतीपासून बऱ्याच अंतरावर एक बीळ आहे. सकाळी त्याच्या तोंडाशी ताजी माती असते. जाळीच्या आत ते येत नाही. माळ्याने दोनदा बुजवू का म्हणून विचारले. तूर्त राहू द्या, असे त्याला सांगितले आहे. पुढचा ओटा रोज पाच वाजता झाडला जातो. ते काम आजी कोणाला करू देत नाहीत.